पहिलं वजन वजा

१

खोटं कशाला बोलू, त्या रिकाम्या काट्यावर पहिल्यांदा आकडा दिसला तेव्हा मला भीती वाटली नाही. आनंद झाला. आता लाज वाटते, पण झाला होता.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्या संगमनेरच्या आसपास गावोगाव दूध संकलन केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर, एक वजनकाटा आणि एक फॅट मशीन. किटली काट्यावर ठेवली की वजन आपोआप स्क्रीनवर येतं. त्या कॉम्प्युटरच्या आत जी सिस्टीम चालते, ती आमची छोटीशी कंपनी बनवते. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरातले लोक मिळून लिहितात आणि दर दोन-अडीच महिन्यांनी तो नवा येतो. आम्ही तो घेतो आणि आपल्या काट्यांसाठी त्यात भर घालतो. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, नव्यामुळे जुनं काहीतरी मोडतं. कुठलंसं पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड, नाहीतर एखादा काटा, ज्याची कंपनीसुद्धा बुडाली. मग केंद्रावरचा माणूस सकाळी साडेपाचला फोन करून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, कारण त्याच्यासमोर किटल्या घेऊन चाळीस माणसं उभी असतात. म्हणून आमच्याकडे एकच नियम: काल चाललं ते आज चाललंच पाहिजे.

त्यासाठी आमची लॅब. लॅब म्हणजे काय, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला मोटार रिवायंडिंगचं दुकान, त्याच्यावर दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लोखंडी रॅक, रॅकवर अकरा जुने कॉम्प्युटर आणि प्रत्येकाच्या खाली जमिनीवर त्याचा त्याचा काटा. ज्या गावाहून मशीन आलं त्या गावाचं नाव त्यावर स्केचपेनने लिहिलेलं. नवा कर्नल आला की मी दुपारचा डबा खाऊन एकेक मशीन चालू करते, वीस किलोचं लोखंडी माप काट्यावर ठेवते, स्क्रीनवर वीस दिसले की टिक मारते. नऊ वर्षं हेच चाललंय. कंबर गेली माझी त्या मापापायी.

त्या मंगळवारी नऊ मशीन पास झाली. दहावं देवळालीचं. देवळाली प्रवराच्या एका बंद पडलेल्या केंद्रातून ते आलेलं, माझ्याही आधी. मी माप उचलायला वाकले आणि सहज वर बघितलं. काट्यावर काहीच नव्हतं.

स्क्रीनवर ४१.३ किलो.

२

आनंद का झाला ते सांगते. मेहविशमुळे.

मेहविश दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. नदीकडच्या मोहल्ल्यातली, वडिलांचं शिलाईचं दुकान, इथल्याच कॉलेजात शिकलेली. तिला सगळं मीच शिकवलं. सोल्डरिंग मी शिकवलं, पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, कसा लिहायचा ते मी शिकवलं, शिव्या देणाऱ्या केंद्रचालकाशी कसं बोलायचं तेही मीच. 'ताई, ताई' करत मागे फिरायची. आणि गेल्या जूनमध्ये बाईसाहेबांचा एक पॅच जगाच्या मुख्य कर्नलमध्ये गेला. म्हणजे जगात कुठेही तो कर्नल चालला तरी आत हिचं नाव. आमच्या मालकांनी, राधाकृष्ण सरांनी, पेढे वाटले. तिच्या पॅचचं पान छापून, फ्रेम करून घड्याळाच्या शेजारी लावलं. मला पेढा देताना सर म्हणाले, "चांगुणा, शिष्या तुझी आहे बरं का!"

मी पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

नऊ वर्षांत माझं नाव आमच्या मोरीच्या नळाला माहीत नाही, जगाचं सोडा. त्यात सर दिवाळीनंतर पुण्याला नवं ऑफिस काढणार होते आणि इथली लॅब कुणाच्या तरी ताब्यात देणार होते. सगळ्यांना वाटत होतं मेहविश. मलाही वाटत होतं, म्हणून तर जळत होते. तिचं हसणं खुपायचं, तिचा डबा खुपायचा, ती 'ताई' म्हणाली की तेसुद्धा खुपायचं. पोरीने माझं काडीचं वाईट केलं नव्हतं. त्याचाच जास्त राग यायचा.

तर ४१.३. मनात पहिला विचार आला तो हा: ह्या कर्नलमध्ये मेहविशचा तोच पेढेवाला पॅच आहे. काट्याची वायर ज्या पोर्टला लागते, त्याच पोर्टचं कोड तिने बदललंय. खोट तिचीच असणार.

तरी नीट तपासलं. नऊ वर्षं काय उगीच काढली नाहीत. पंखा बंद केला, कारण वाऱ्याने पत्रा हलतो. आकडा तसाच. काट्याची वायर काढून परत लावली, तसाच. शेजारच्या शेवगावच्या मशीनचा काटा ह्याला जोडला, शून्य. परत हा जोडला, ४१.३. खाली दुकानात मोटार टेस्ट करतात तेव्हा अख्खी खोली हुंहुं करते, म्हणून खिडकीतून ओरडून त्यांना पाच मिनिटं बंद ठेवायला सांगितलं. शांतता झाली. आकडा जागच्या जागी.

म्हणजे, अगदी जागच्या जागी नाही. ४१.३ व्हायचा, मग ४१.२, परत ४१.३, कधी ४१.४. किटली ठेवली की आकडा थरथरतो आणि दोन सेकंदांत बसतो. हा बसतच नव्हता. जिवंत माणूस काट्यावर उभं राहिलं की असं होतं. श्वास चालू असतो ना, म्हणून.

मी वीस किलोचं माप प्लेटवर ठेवलं. ६१.३. प्लेटवर हात फिरवला. थंड पत्रा, बाकी काही नाही. मापाच्या शेजारी एक रिकामं प्लास्टिकचं क्रेट उलटं टाकलं, अख्खी प्लेट भरली, बोटभर जागा उरली नाही. क्रेट दोन किलोचं. ६३.३.

'आतला वजन मोजणारा सेल खराब आहे,' मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. माप आणि क्रेट खाली उतरवलं. मग काट्याला पाठ न दाखवता खुर्चीवर जाऊन बसले. असं का केलं, तेव्हा कळलं नाही.

३

कुठल्या बदलामुळे बिघडलं ते शोधायची आमची एक पद्धत असते. जुना कर्नल चांगला, नवा वाईट, मधे दोनशेएक बदल. त्यातला बरोबर मधला घ्यायचा, त्यावर मशीन चालू करायचं. ठीक चाललं तर 'चांगला' लिहायचं, म्हणजे खोट पुढच्या अर्ध्यात. बिघडलं तर 'वाईट', म्हणजे आधीच्या अर्ध्यात. आठेक वेळा असं अर्धं अर्धं करत गेलं की एकच बदल उरतो, आणि त्याच्यावर ज्याचं नाव असेल तो गुन्हेगार. ह्या पद्धतीत वाद नसतो, आरडाओरडा नसतो. फक्त माणसाने खरं लिहायला पाहिजे.

बुधवारी मेहविश आणि सर अकोले तालुक्यातल्या केंद्रांवर गेले होते. मी एकटीच. साडेअकराला सुरू केलं.

पहिल्या वेळी शून्य. चांगला. दुसऱ्या वेळी ४१.३. वाईट. तिसऱ्या वेळी शून्य. शून्य आलं की जीवात जीव यायचा. मी चक्क खाली सतरंजीवर बसले, प्लेटला गुडघा टेकवून, पुढचा कर्नल तयार होईपर्यंत चिवडा खात. शून्यही अगदी स्थिर नव्हतं, ०.०, मग ०.१, परत ०.०. पण देवळालीच्या मशीनचं शून्य असंच डुलतं, नऊ वर्षं बघतेय. जुना काटा. त्याचं काय कौतुक करायचं?

चौथ्या वेळी ४१.३, आणि मी सतरंजी तिथेच टाकून उठले.

साडेचारपर्यंत दोन बदल उरले. नंतरचा मेहविशचा. त्याच्या आधीचा माझा.

माझा? मला आठवेना. उघडून बघितलं. एकच ओळ होती, आणि तीही लिहिलेली नाही, काढलेली. सरांनी फळ्यावर महिन्याची यादी लावली होती, कुणाचे किती बदल. मेहविशचे एकतीस, माझे चार. त्या संध्याकाळी मी डोकं तापवून बसले होते आणि जुन्या कोडमधला केरकचरा काढून आकडा वाढवत होते. नको असलेल्या ओळी काढल्या तरी बदल मोजला जातोच. ही त्यातलीच. माझ्या आधी लॅब सांभाळायचे ते भिमाजी काका, त्यांनी अकरा वर्षांपूर्वी टाकलेली. प्रत्येक जुन्या यंत्राच्या खोडीसाठी कर्नलमध्ये अशी एखादी ओळ असते, ह्याला असं विचारू नका, त्याला तसं सांगू नका. ही फक्त देवळालीच्या काट्यासाठी होती. मशीन चालू होताना जे पहिलं वजन येईल, ते शून्य धरायचं आणि पुढे कायम वजा करत राहायचं. वर काकांनी टीप लिहिली होती: 'पहिलं वजन वजा. कारण विचारू नका.'

मला तेव्हा हसू आलं होतं. रिकाम्या काट्याचं कसलं आलंय पहिलं वजन?

शेवटची पायरी. माझा बदल घातलेला, मेहविशचा न घातलेला कर्नल. मशीन चालू केलं.

४१.३. ४१.२. ४१.३.

म्हणजे खोट माझी. स्क्रीनवर कर्सर लुकलुकत होता, 'चांगला' की 'वाईट' ते लिहायचं होतं. खालच्या दुकानात कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. घड्याळाच्या शेजारी तिची ती फ्रेम. मी तिच्याकडे बघितलं आणि 'चांगला' असं लिहिलं.

कॉम्प्युटरने लगेच निकाल दिला. पहिला वाईट बदल: मेहविश.

मी तो निकाल जसाच्या तसा सरांना पाठवला. आणि जगाच्या कर्नलवाल्यांची जी ईमेलची यादी असते, जिथे सगळे वाचतात, तिथेही. मागे प्लेटचा पत्रा 'टक्' असा वाजला, ऊन उतरलं की पत्रा वाजतोच. मी वळून बघितलं नाही.

४

सर दुसऱ्या दिवशी आले ते घुश्श्यातच. मेहविश त्यांच्यासमोर उभी, हातात अजून हेल्मेट.

"अगं, पेढे वाटले मी गावभर! आणि बाहेरचे लोक आता विचारतायत की तुम्ही न तपासता पॅच पाठवता का म्हणून. काय सांगू त्यांना?"

"सर, मी वजनाच्या कोडला हातच नाही लावला. पोर्टचा वेग फक्त…"

"चांगुणाने आठ वेळा तपासलंय. चांगुणा खोटं बोलतेय का?"

मेहविश माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत संशय असता तर मी भांडले असते. नव्हता. "ताईंनी केलंय म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली. "माझंच काहीतरी सुटलं असेल."

सरांनी तिचा पॅच मागे घ्यायला सांगितलं आणि यापुढे तिचा प्रत्येक बदल माझ्या हाताखालून जाईल असं ठरवलं. ती खाली गेली तेव्हा मी फ्रेम काढून रॅकमागे ठेवली, भिंतीकडे तोंड करून. आतून गार गार वाटलं मला. किती दिवसांनी!

पण खरी खोट तशीच होती. ती गुपचूप मिटवायची तर आधी समजायला पाहिजे, म्हणून मी शेवगावला भिमाजी काकांना फोन लावला. काका आता शेती करतात. ख्यालीखुशाली झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, देवळालीच्या काट्याला तुम्ही एक ओळ टाकली होती बघा, पहिलं वजन वजा करायची. ती कशासाठी होती?"

काकांनी मोटारपंपाच्या आवाजावरून उलट मलाच विचारलं,

"काडली का ती वळ?"

"चुकून निघाली."

"आता किती दाखवतंय?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस!" काका म्हणाले. "माज्या टायमाला सव्वीस हुतं, पोरी."

"काका, काय आहे ते? सेल खराब आहे ना? काटा बदलून टाकू का?"

"मी तीन येळा बदलला काटा. त्या मशीनला कोनचा बी लाव, दुसऱ्या दिवशी तेच. तू आसं कर, ती वळ परत टाक. शून्य दिसलं की शून्य समजायचं आन आपलं काम करायचं. आन कुनाला त्या काट्यावर चडू देऊ नगं. हसत बी न्हाई, मस्करीत बी न्हाई."

"का पण?"

"उसाला पानी सोडलंय, ठेवतो," काका म्हणाले, आणि ठेवलाच फोन.

मी खुर्चीवर बसून राहिले. मग डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. जुन्या कर्नलवर शून्य यायचं ते रिकामं होतं म्हणून नाही. जे होतं ते वजा करून शून्य यायचं. नऊ वर्षं मी त्याच्याशेजारी डबा खाल्ला. काल प्लेटला गुडघा टेकवून चिवडा खाल्ला. ते शून्य डुलायचं तेव्हासुद्धा कुणीतरी श्वास घेत होतं.

तेव्हा तरी सरांना खरं सांगायला हवं होतं. उठले होते मी, दारापर्यंत गेले. पण खरं सांगायचं म्हणजे फ्रेम परत भिंतीवर जाणार. मी परत येऊन बसले.

मेहविशचा पॅच मागे घेण्याचं काम माझ्याकडेच होतं. त्याच बदलात मी काकांची ओळ हळूच परत घातली. देवळालीचं मशीन चालू केलं. शून्य. सरांना बोलावून दाखवलं. "बघा, तिचा पॅच काढला आणि गेली खोट," मी म्हणाले. कसलीही शंका उरायला जागा नव्हती.

५

शनिवारी दुपारी मेहविश एकटी लॅबमध्ये आली. दोन दिवसांत चेहरा उतरला होता तिचा.

"ताई, मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या ना. म्हणजे समजेल कुठे चुकले."

"बघ की," मी म्हणाले. मशीन सकाळपासून चालूच होतं. स्क्रीनवर ०.०. तिने वीस किलोचं माप ठेवलं, वीस. काढलं, शून्य. तीन वेळा केलं. मग कोड उघडून वाचत बसली. ती ओळ तिथेच होती, बघणाऱ्याला दिसली असती. पण ती आपलीच चूक शोधत होती. माझी शोधायचं तिच्या मनातच नव्हतं.

"नाही कळत," ती शेवटी म्हणाली. डोळे पुसले आणि उगीच हसली. "वीसच्या पुढे चुकतोय का बघू या. थांबा, मीच उभी राहते."

"मेहविश…"

एवढंच निघालं तोंडातून. पुढचं वाक्य 'चढू नकोस' असं होतं. तिने 'का?' असं विचारलं असतं. आणि 'का'चं उत्तर द्यायचं तर ओळ कुणी काढली तिथपासून सुरुवात करावी लागली असती. हा सगळा हिशोब माझ्या डोक्यात झाला, पापणी लवायच्या आत झाला, आणि मी गप्प बसले.

तिने चप्पल काढली आणि प्लेटवर उभी राहिली. ५२.१.

"बरोबर! अम्मीला दवाखान्यात नेलं तेव्हा माझं पण बावन्नच भरलं होतं मागच्या महिन्यात." ती तिथेच उभी राहून ओढणी सावरत होती. त्या दोन फुटांच्या पत्र्यावर तिच्याबरोबर अजून कोण होतं ते मला माहीत होतं, आणि मी तिच्या खांद्यामागच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. फक्त तिची वेणी, पंखा बंद असताना, जराशी एका बाजूला सरकली.

ती खाली उतरली. पत्रा 'टक्' वाजला. मग परत एकदा वाजला, टक्.

स्क्रीनवर शून्य यायला हवं होतं. आलं ते −४१.३.

"उणे का दाखवतंय ताई?"

वजा करायला काही उरलं नव्हतं, म्हणून. प्लेट आता खरोखर रिकामी होती, म्हणून. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"वायर सैल असेल," मी म्हणाले. "जा तू घरी. आराम कर."

ती गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज, नेहमीपेक्षा जड. मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर तिने स्कूटी स्टँडवरून काढली, बसली, हेल्मेट घातलं. गाडी तिच्या वजनाने दबली तेवढी दबली. मग, ती नुसती बसलेली असताना, मागचं चाक अजून खाली बसलं, डबलसीट कुणी बसावं तसं. तिने मान मागे वळवून बघितलं. मग चाकाकडे बघितलं, हवा कमी आहे असं वाटलं असेल. आणि निघून गेली.

६

दिवाळीनंतर लॅब माझ्या ताब्यात आली. सरांनी हार घातला, पेढे वाटले. ह्या वेळचे पेढे चांगले होते, असं आपलं मी म्हणते.

मेहविश आठवडाभर आली, मग येईनाशी झाली. फोन करायची. "ताई, जिना चढले की धाप लागते. गुडघे दुखतात. दवाखान्यात वजन केलं तर त्र्याण्णव! डॉक्टर म्हणाले काटा बिघडलाय, दुसऱ्यावर केलं तरी त्र्याण्णव. मी वाळून चाललेय ताई, कपडे सैल होतायत, आणि काटा त्र्याण्णव म्हणतोय."

बावन्न आणि एक्केचाळीस. मी मनातल्या मनात बेरीज केली. "बिघडला असेल काटा," मी म्हणाले. प्रत्येक फोनला हेच म्हणाले. फोन ठेवला की वाटायचं, उद्या सांगू. उद्या नक्की सगळं सांगू. सांगितल्याने ते उतरलं असतं का, कोण जाणे. पण पोरीला निदान आपण वेड्या नाही एवढं तरी कळलं असतं.

देवळालीचं मशीन मी बंद करत नाही. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर घेतलाय. बंद करून चालू केलं तर पहिलं वजन परत शून्य धरलं जाईल, मग प्लेट रिकामी आहे की नाही हे कधीच कळायचं नाही. स्क्रीनवर तो उणे एक्केचाळीस आहे तोवर मला ठाऊक आहे की ते इथे नाही. दुसरीकडे आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही ठाऊक आहे.

आज चार वाजता मेहविश आली. लॅबची तिच्याकडची किल्ली द्यायला. राजीनामा दिलाय म्हणाली. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं भिंतीला धरून उभी होती.

"ताई, तुमचा राग नाही मला," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत म्हणून तर एवढं तरी जमलं. माझी चूक तुम्ही पकडलीत ते बरंच झालं. दुसऱ्या कुणी पकडली असती तर हसले असते सगळे."

आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खांद्याची हाडं लागली हाताला. तेव्हा सांगायचं होतं. ओठावर आलं होतं. पण तिच्या खांद्यावरून मला रिकामी भिंत दिसत होती, जिथे फ्रेम होती ती जागा, आणि वाटलं, आता तर ती जाणारच आहे, आता सांगून काय उपयोग. मी तिला थोपटत राहिले. ती सुटी झाली, डोळे पुसले आणि गेली. जिना भराभर उतरली. मला बरं वाटलं, पोरीला रडून हलकं वाटलं असेल.

पाच वाजता तिचा फोन. आवाजात हसू.

"ताई, तुमच्याकडून निघाले ती सरळ दवाखान्यात गेले. आज बावन्न! बरोबर बावन्न ताई, ते पण काट्यावर दोनदा चढून बघितलं! अम्मी रडतेय आनंदाने."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? 'हिचं बरं सगळं नीट होतं.' देवाशपथ, पहिलं हेच आलं.

मग मी देवळालीच्या स्क्रीनकडे बघितलं. धावत जाऊन बघितलं. तिथे शून्य असावं म्हणून मी काय काय बोलले मनात.

−४१.३.

प्लेटवर नाही. तिच्याकडे नाही.

खोलीत अकरा काटे आहेत. एकावर पाय ठेवायचा अवकाश, कळलं असतं; माझं वजन मला पाठ आहे, एकसष्ट. मी एकावरही पाय ठेवला नाही. त्यांच्या मधून अंग चोरून चालले, दिवे मालवले, कुलूप लावलं. जिन्यात कठड्याला धरून दोनदा थांबले. वय झालं, कंबर गेलीय, असं तोंडाने म्हणत उतरले. खाली दुकानवाले सामान आवरत होते, एकाने विचारलं, "काय ताई, बरं नाही का?" मी मान हलवली.

गाडी स्टँडवरून काढली. बसले. माझ्या वजनाने गाडी खाली दबली. किल्ली हातात धरून मी तशीच बसून राहिले, मागे वळले नाही, श्वाससुद्धा घेतला नाही.

मग गाडी अजून एकदा दबली.